माजी

टेंभीपाड्याच्या चढावर, पिठाच्या गिरणीला लागून
माझं झेरॉक्सचं दुकान.
की-बोर्डात पीठ जातं, म्हणून
‘ळ’ दोनदा दाबावा लागतो.
नगरसेविका सुहासिनी वारंग यांची सगळी पत्रं
याच की-बोर्डावर झाली.

वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला त्या साली
बॅनरवर तिच्या नवऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा.
सही तिची, बाकी सगळं भाऊंचं,
असं पाडाभर म्हणायचे.
पहिले दोन महिने भाऊच यायचे, मजकूर सांगायचे,
‘आपला विश्वासू’पर्यंत त्यांचा चहा पुरायचा.

मग एकदा ती एकटीच आली.
पायात रबरी सपाता, हातात गंजका खिळा.
म्हणाली, लिही.
शौचालय क्रमांक चार, बायकांची बाजू, तिसरं दार.
आतून कडी नाही.
बायका ओढणीनं दार धरून बसतात.

मी टाइप केलं : उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...
ती म्हणाली, ते नको. ओढणी लिही.
म्हटलं, ताई, सरकारी पत्रात ओढणी बसत नाही.
मग बसव, म्हणाली.

पत्र गेलं, आवक क्रमांक पडला.
स्मरणपत्र एक, दोन, चार.
सातव्या महिन्यात उत्तर आलं :
‘स्थळपाहणी केली असता सदर दार आढळून आले नाही.’
खरंच होतं ते.
तोवर दारच कुणीतरी उचलून नेलं होतं.

मला हसू आवरेना. ती हसली नाही.
त्या उत्तराच्या पंधरा प्रती काढ, म्हणाली,
आणि पैसे मोजून दिले.
सोमवारी वॉर्ड ऑफिसात, इंजिनिअरच्या केबिनबाहेर
पंधरा बायका बाकड्यावर, जिन्यावर,
घोषणा नाही, बॅनर नाही,
प्रत्येकीच्या मांडीवर ते उत्तर पसरलेलं
आणि त्यावर मेथी निवडणं चाललेलं.
साहेबानं विचारलं, काय काम आहे?
‘दार शोधायला आलोय.’

नवव्या दिवशी दार आलं. हिरवं, फायबरचं.
कडी आतून.

भिंतीचं मात्र जमलं नाही तिला.
डोंगराच्या कडेची संरक्षक भिंत, तेवीस पत्रं,
निविदा, फेरनिविदा, मग कळलं
अर्धी जागा वनखात्याची.
तडा पत्र्यापर्यंत चढला तेव्हा आरोलकरांची कुंदा
टेम्पोत सामान घालून दिव्याला गेली.
ताई टेम्पोपाशी उभी होती.
कुंदा तिच्याशी बोलली नाही.
त्या दिवशी चोविसावं पत्र सांगायला ती आली,
‘महोदय’ म्हणाली आणि पुढे काही सुचेना तिला.
तेवढंच असलेला कागद माझ्या खणात आहे अजून.

मग मुदत संपली.
निवडणूक पुढे गेली, आणखी पुढे गेली.
भाऊ दुसऱ्या पक्षाच्या बॅनरवर दिसले,
या खेपेला एकटेच.
हिच्या ओट्यावर सकाळी नऊला माणसं तशीच :
रहिवासाचा दाखला, पाण्याचा वास,
शाळेत नाव घालायचंय, दिवा गेलाय खांबावरचा.
ती सांगते, अहो, मी आता कुणी नाही.
लोक हो हो म्हणतात
आणि चपला काढून आत येतात.

जुनी लेटरहेडं बरीच उरलेली.
प्रत्येकावर ‘नगरसेविका’च्या आधी
ती पेनानं लिहायची : माजी.
अक्षर बारीक, पण खोडल्यासारखं नाही.
साहेब तरी पत्र घ्यायचे. कधी घ्यायचे नाहीत.

गेल्या गुरुवारी शेवटचं लेटरहेड संपलं.
नवीन शंभर छापायला टाकली.
मी विचारलं, ताई, या वेळी ‘माजी’ छापूनच टाकू?
गिरणी चालू होती, तिला ऐकू गेलं नसावं.
पुन्हा विचारलं, जरा ओरडून.

म्हणाली, नको. तेवढी जागा मोकळी सोड.
हातानं लिहीन.

मी बोटभर जागा सोडली.
गिरणीचं पीठ उडून
त्या को‌ऱ्या जागेवर बसत होतं. फुंकर मारून
गठ्ठा बांधला.